रोमन अस्थिपेट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमला किंवा लंडनला जाऊन आलेले वाचक मला संग्रहालयातले फोटो पाठवतात. त्यांत हमखास एक पांढरी संगमरवरी पेटी असते. दोन वीत रुंद, पुढच्या बाजूला फुलाफळांचा हार, कोपऱ्यांवर मेंढ्यांची डोकी, मधल्या चौकटीत अक्षरं. "ही दागिन्यांची पेटी का?" असं खाली लिहिलेलं असतं. ती माणसाच्या अस्थी ठेवायची पेटी आहे हे कळलं की पुढचे प्रश्न सुरू होतात. पुन्हापुन्हा येणारे तेवढे इथे घेतले आहेत.

१. याला अस्थिकलश म्हणायचं की अस्थिपेटी?

आकार बघून ठरवा. चौकोनी असेल आणि झाकण घराच्या छपरासारखं दोन बाजूंना उतरतं असेल, तर पेटी. गोल, पोट फुगलेलं आणि दोन कानांचं असेल, तर कलश. लॅटिनमध्ये अशा पात्राला 'सिनेरारियुम' म्हणत, साध्या मडक्याला 'ओल्ला'. बहुसंख्य लोकांच्या वाट्याला हे मातीचं मडकंच येई. काचेची आणि शिशाचीही पात्रं वापरात होती. कोरीव संगमरवरी पेट्यांचा बहराचा काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंतचा, आणि त्यांचं मुख्य ठिकाण रोम शहर व त्याचा परिसर. या पानावर 'पेटी' म्हटलं की या पेट्या समजा.

२. पण युरोपात तर पुरतात ना? रोमन लोक दहन करत होते?

हो, आणि त्याला ते आपली रीत मानत. इ.स. ६५ मध्ये सम्राट नीरोची बायको पोप्पेया वारली तेव्हा तिचं दहन न करता सुगंधी द्रव्यं भरून देह जतन केला गेला. त्याची नोंद करताना इतिहासकार टॅसिटस स्पष्ट लिहितो की ही रोमन पद्धत नव्हे. अर्थात सगळ्यांनी सदैव दहनच केलं असंही नाही. कॉर्नेलियस कुळातले उमराव पिढ्यान् पिढ्या पुरत आले होते. त्यांच्यातला हुकूमशहा सुल्ला इ.स.पू. ७८ मध्ये गेला आणि त्या कुळात पहिल्यांदा चिता पेटली. सुल्लाने आपला शत्रू मारियस याचे अवशेष उकरून फेकायला लावले होते. आपल्या देहाचं तसंच होईल ही धास्ती त्यामागे होती, असं प्राचीन लेखकच सांगतात.

३. दहनापासून पेटीपर्यंत काय काय होत असे? आपल्या अस्थिसंचयनासारखंच का?

बरंचसं ओळखीचं वाटेल. सरण रचायचं, चिता विझत आली की तिच्यावर मद्य शिंपडायचं आणि मग जवळच्या माणसांनी अस्थी वेचायच्या. आपण 'अस्थी सावडणं' म्हणतो, त्यांचा शब्द 'ओस्सिलेगियुम', अर्थ तोच. वेचलेल्या अस्थी मद्याने आणि दुधाने धुऊन, कोरड्या करून, सुगंधी द्रव्यांसह पात्रात ठेवल्याचं वर्णन रोमन कवी टिबुल्लसच्या नावावर असलेल्या काव्यसंग्रहात आहे. नवव्या दिवशी थडग्यापाशी जेवण होई आणि त्यावर शोकाचा पहिला काळ संपे. वर्षातून एकदा, १३ ते २१ फेब्रुवारी, 'पॅरेंटालिया' हे पितरांचे दिवस. तेव्हा थडग्यावर फुलं, धान्य, मीठ, मद्यात भिजवलेला पाव नेत.

फरक शेवटच्या पायरीवर आहे. आपल्याकडे अस्थी नदीला किंवा समुद्राला द्यायच्या असतात, कलश तेवढ्यापुरता. रोमन कुटुंबाला त्या कायम एका जागी हव्या असत, नावासकट. दगड आला तो त्यासाठी. या दोन्ही रीती एकाच मुळातून आल्या असं ठामपणे लिहिणारे लेख फिरत असतात. दहन करणारे समाज जगात अनेक ठिकाणी होते, त्यामुळे एवढ्या साम्यावरून नातं जोडू नये असं माझं मत आहे.

४. या पेट्या घरात ठेवत का?

नाही. बारा कोष्टकांच्या कायद्याने (इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याचा) शहराच्या हद्दीत मृताला पुरायलाही बंदी होती आणि जाळायलाही. म्हणून व्हिया आप्पियासारख्या मोठ्या रस्त्यांवर, वेशीबाहेर, दुतर्फा थडगी उभी राहिली. कुटुंबाची स्वतंत्र कबर असे, नाहीतर सामायिक 'कोलुंबारियुम'. या शब्दाचा अर्थ कबुतरखाना. अर्ध्या जमिनीत गेलेली खोली, भिंतींत ओळीने कमानदार कोनाडे, प्रत्येक कोनाड्याच्या तळात बहुधा दोन मडकी बांधकामातच बसवलेली आणि खाली नावाची छोटी पाटी. ज्यांना परवडे ते कोनाड्यात संगमरवरी पेटी ठेवत.

पेटीकडे बघताना ही खोली डोळ्यांपुढे आणा. संग्रहालयातला प्रखर दिवा तिथे नव्हता. जिना उतरून, हातात तेलाचा दिवा घेऊन माणसं येत. हलत्या उजेडात खोल कोरलेल्या फळांच्या सावल्या कशा दिसत असतील याचा विचार केला की नक्षी इतकी उठावदार का, हे लगेच समजतं.

५. म्हणजे हे सगळं श्रीमंतांचंच ना?

हा समज सर्वांत पक्का आहे आणि सर्वांत चुकीचा. फार मोठे घराणेदार लोक स्वतंत्र समाध्या बांधत. संगमरवरी पेट्यांवरची नावं वाचत गेलात तर मोठ्या संख्येने भेटतात ते मुक्त झालेले गुलाम, त्यांची मुलं आणि सम्राटाच्या घरी राबणारे सेवक. ज्या माणसाला गुलाम असेपर्यंत कायद्याने आईवडील, बायको, आडनाव काहीच नव्हतं, त्याला सुटका झाल्यावर तीन भागांचं रोमन नाव मिळे. ते नाव दगडात कोरून घेण्याची ओढ कुणाला असणार, हे सांगायला नको. या पेट्यांत मला सर्वांत भिडतं ते हेच. माझ्या लेखी नक्षी त्या नावाभोवतीची महिरप आहे.

सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या सेवकांचा कबुतरखाना १७२६ मध्ये व्हिया आप्पियावर सापडला. त्यातल्या पाट्यांवर वेणीफणी करणारी दासी आहे, सुईण आहे, सोनार आहे, मोत्यांची जबाबदारी असणारा आहे, कातणाऱ्या बायकांना लोकर तोलून देणारा आहे. एका राजघराण्याचा सगळा कारभार मृत्यूनंतर भिंतीवर मांडलेला.

ज्यांच्यामागे मोठं घर नव्हतं ते मंडळं काढत. लानुव्हियुम गावच्या अशा मंडळाचे नियम दगडावर कोरलेले मिळाले आहेत, इ.स. १३६ चे. प्रवेशवर्गणी १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या मद्याचा एक रांजण, पुढे दरमहा ५ आस, म्हणजे त्याहून लहान नाणी. सभासद वारला की अंत्यविधीला ३०० सेस्टर्स, त्यातले ५० चितेपाशी जमलेल्यांत वाटायचे. भिशीच म्हणा, फक्त नंबर लागायचा तो मरणाचा. त्यात गुलामही सभासद होते. एखाद्या मालकाने गुलामाचा देह द्यायला नकार दिला, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा, असं एक कलम आहे. मी ते अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी थांबतो.

६. दगड कुठला, आणि कोरायचे कसे?

बहुतेक पेट्या लूना इथल्या संगमरवराच्या. आजचं कारारा ते हेच. इ.स.पू. पहिल्या शतकात तिथल्या खाणी जोरात सुरू झाल्या, दगड समुद्रमार्गे रोमला येऊ लागला आणि तो मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला. पाथरवट आधी ठोकळा चौरस करून आतला खड्डा काढत, मग छिन्नीने नक्षी उठवत. हारातल्या फळांमधली, पानांमधली काळी भोकं दिसतात ती गिरमिटाची. झाकण शिशात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी बंद करत. बाजूंच्या भोकांवरून आणि गंजाच्या डागांवरून ते कळतं. काही झाकणांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, त्यातून मद्य आत ओतता यावं म्हणून.

मागची बाजू कोरी का, असंही बरेच जण विचारतात. पेटी कोनाड्यात बसायची, पाठ भिंतीला. दिसणार नाही ते कशाला कोरायचं? डाव्या-उजव्या बाजूंवरही पुष्कळदा हलकंच काम असतं.

७. मेंढ्याची डोकी, गरुड, हार, मेदूसा... यांचा अर्थ काय?

सरळ सुरुवात देवळापासून करा. रोमन यज्ञात बैल, मेंढा बळी देत आणि वेदीला फुलापानांचे हार बांधत. बळीच्या कवट्या आणि त्यांना अडकवलेले हार हा सजावटीचा ठरलेला प्रकार झाला. इ.स.पू. ९ मध्ये अर्पण केलेल्या ऑगस्टसच्या शांतिवेदीच्या आतल्या भिंतीवर तो आजही बघता येतो. तिथून तो अस्थिपेटीवर उतरला. पेटीच्या बाजूंवर सुरई आणि पसरट वाडगा दिसला तर तीही तर्पणाची भांडी. थोडक्यात, पेटी म्हणजे छोटी वेदी किंवा छोटं देऊळ, आणि आतला माणूस तिथे आदराने ठेवलेला.

बाकीच्या चिन्हांपैकी काही पुरेशी बोलकी आहेत. मेदूसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं, डोकं नजर लावणाऱ्याला दूर ठेवतं. स्फिंक्स राखण करतात. अर्धवट उघडं दार मृत्यूच्या उंबरठ्याचं. उजवे हात एकमेकांत दिलेलं जोडपं लग्नाचं आणि निरोपाचंही. पाताळाचा देव प्लूटो प्रोसेर्पिना या तरुण देवीला रथातून पळवून नेतो, ते चित्र अकाली गेलेल्यांसाठी शोभणारं.

पण हाराखाली भांडणारे पक्षी, सापाला टोचणारा बगळा, घरट्यातल्या पिल्लांना भरवणारी पाखरं यांचं काय? इथे अभ्यासकांत जुना वाद आहे. १९४० च्या दशकात फ्रांत्स क्युमों यांनी अशा प्रत्येक चित्रात आत्म्याच्या अमरत्वाचा संकेत वाचला, तर आर्थर डार्बी नॉक यांनी यातलं पुष्कळसं निव्वळ सजावटीच्या परंपरेतून आलं आहे असं उत्तर दिलं. मी नॉक यांच्या बाजूला झुकतो. पाखरू बागेचं आहे. थडग्याभोवती बाग लावायची रोमन लोकांना हौस होती, आणि अंधाऱ्या कोनाड्यात ती बाग दगडाची करून नेली यापेक्षा मोठा अर्थ दर वेळी शोधावा असं मला वाटत नाही. गुलाब आणि व्हायोलेटची फुलं थडग्यावर वाहायचे त्यांचे वेगळे दिवसही होते.

८. चौकटीत सुरुवातीला 'डी एम' असतं. नावाची आद्याक्षरं का?

नाही. 'दिस मानिबुस', म्हणजे 'पितृदेवतांना अर्पण'. आपण 'श्री' लिहितो तितक्या सवयीने ते कोरत. त्याखाली मृताचं नाव, मग वय, मग पेटी कुणी केली त्याचं नाव आणि नातं. दोन नावांच्या मध्ये सुटं 'एल' आलं तर ती व्यक्ती मुक्त केलेली (लिबेर्तुस किंवा लिबेर्ता), 'एफ' आलं तर अमक्याचा मुलगा किंवा मुलगी. 'बी एम' म्हणजे 'योग्यच अशा व्यक्तीला'. वय पुष्कळदा वर्षं, महिने, दिवस असं मोजून दिलेलं असतं, मुलांच्या बाबतीत विशेष. एवढी पाच-सहा अक्षरं पाठ केलीत तर लॅटिन न येताही निम्मी पेटी वाचता येते.

९. चौकट आहे, पण आत काहीच कोरलेलं नाही. असं का?

पेट्या बहुतेक तयार विकत मिळत. कार्यशाळेत नक्षी पुरी करून चौकट मोकळी ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की नाव घालायचं. कोऱ्या चौकटीत रंगाने नाव लिहिलं असेल तर ते उडून गेलं असेल, किंवा नाव कोनाड्याखालच्या पाटीवर असेल. उलट्या प्रकारची फसवणूकही असते, ती प्रश्न १४ मध्ये.

१०. हीच नक्षी मोठ्या उभ्या दगडांवरही पाहिली. तीही अस्थिपेटी का?

ती समाधीची वेदी. ती जमिनीवर उभी असते आणि पुष्कळदा भरीव असते. फसायला होतं ते मधल्या प्रकारात, कारण काही वेद्यांना अस्थी ठेवण्यापुरता खड्डा असतो. वरून किंवा बाजूने बघितल्याशिवाय सांगता येत नाही, फोटोवरून तर नाहीच.

११. झाकणावर कुशीवर रेललेला माणूस असलेल्या पेट्याही रोमनच ना?

त्या एट्रुस्कन. रोमच्या उत्तरेकडच्या या लोकांची परंपरा अधिक जुनी. व्होल्तेर्रा गावात त्या मऊ अलाबास्टरच्या, पेरुजाजवळ ट्रॅव्हर्टिनच्या. व्होल्तेर्राच्या ग्वार्नाच्ची संग्रहालयात अशा सहाशेच्या वर पेट्या आहेत. झाकणावर मेजवानीला बसावं तसा रेललेला माणूस, डोकं मोठं, धड आखूड, हातात वाडगा. खाली ग्रीक कथा नाहीतर मृताचा परलोकीचा प्रवास.

दोन परंपरा एकमेकींत मिसळताना बघायच्या असतील तर पेरुजाजवळची व्होलुम्नी कुटुंबाची भुयारी कबर बघा, १८४० मध्ये सापडलेली. इतरांच्या पेट्या एट्रुस्कन वळणाच्या. पब्लियस व्होलुम्नियसची मात्र संगमरवरी, देवळाच्या आकाराची, आणि नाव एट्रुस्कन व लॅटिन अशा दोन्ही भाषांत. एकाच घरात पिढी बदलली, भाषा बदलली आणि पेटीही बदलली.

१२. लहान मुलांचंही दहन करत?

दात येण्याआधी गेलेल्या बाळाचं दहन करायचं नाही अशी रीत होती, रोमन लेखक थोरल्या प्लिनीने ती नोंदवली आहे. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला पुरतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याहून मोठ्या मुलांच्या पेट्या मात्र पुष्कळ आहेत.

१३. सम्राटांचं काय? त्यांनाही वेशीबाहेरच ठेवत?

सहसा हो. ऑगस्टसने इ.स.पू. २८ च्या सुमारास बांधायला घेतलेली समाधी जुन्या वेशीबाहेर, टायबरच्या काठी होती. ठळक अपवाद त्रायान. इ.स. ११७ मध्ये तो गेला आणि त्याच्या अस्थी सोन्याच्या कलशातून त्याच्याच विजयस्तंभाच्या पायथ्यात ठेवल्या, भर शहरात. कलश केव्हाच नाहीसा झाला, स्तंभ उभा आहे. सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. २११ मध्ये ब्रिटनमध्ये, यॉर्कला वारला. मरण्यापूर्वी त्याने आपला कलश मागवून हातात घेतला आणि "जगात जो मावला नाही तो माणूस तुझ्यात मावणार" असं म्हटलं, अशी हकिकत इतिहासकार कॅसियस डिओ देतो.

मला मात्र आग्रिप्पिनाच्या दगडाची गोष्ट अधिक जवळची. ऑगस्टसची ही नात हद्दपारीत इ.स. ३३ मध्ये गेली. मुलगा कॅलिगुला सम्राट झाल्यावर स्वतः जाऊन तिच्या अस्थी घेऊन आला. त्या ज्या भल्यामोठ्या पोकळ दगडात ठेवल्या, त्यावर 'आग्रिप्पिनाच्या अस्थी' अशी सुरुवात आहे. मध्ययुगात तो खड्डा धान्य मोजायचं माप म्हणून वापरला गेला. दगड आज रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे.

१४. संग्रहालयातल्या सगळ्या पेट्या अस्सल असतात का?

बहुतेकांचा काही भाग अस्सल असतो, असं म्हणणं खरं ठरेल. अठराव्या शतकात इंग्रज उमराव रोमला येऊन प्राचीन वस्तू गाड्या भरभरून नेत. चार्ल्स टाउनलीचा संग्रह १८०५ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला, हेन्री ब्लंडेलचा आज लिव्हरपूलला आहे. या गिऱ्हाइकांसाठी बार्तोलोमेओ काव्हाचेप्पी, पिरानेसी यांच्यासारखे लोक तुटक्या वस्तू दुरुस्त करत. एका पेटीवर दुसरीचं झाकण बसवणं, झिजलेली नक्षी पुन्हा कोरणं यात कुणाला गैर वाटत नसे. कोऱ्या चौकटीत (प्रश्न ९) लॅटिन लेख घातला की किंमत वाढे, म्हणून तोही घालत.

ओळखायचं कसं? झाकणाची रुंदी आणि दगडाचा पोत खालच्याशी जुळतो का बघा. नक्षी झिजलेली आणि अक्षरं मात्र कोरी करकरीत असतील तर शंका घ्या. आणि माहितीच्या पाटीवर 'लेख आधुनिक' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं सोडू नका.

१५. आत अजून राख असते?

संग्रहालयात जवळजवळ कधीच नाही. जुन्या शोधकांना नक्षी हवी होती, अस्थी त्यांनी टाकून दिल्या. काळजीपूर्वक उत्खनन झालेल्या ठिकाणी त्या तपासल्या जातात. दहनानंतरही उरलेल्या हाडांच्या तुकड्यांवरून वयाचा, काही वेळा स्त्री-पुरुषाचा अंदाज येतो. आपण काचेपलीकडून ज्या पेट्यांचे फोटो काढतो त्यांतल्या माणसांबद्दल मात्र उरलं ते फक्त चौकटीतलं नाव.

१६. मग ही पद्धत थांबली का? ख्रिस्ती धर्मामुळे?

नाही, ख्रिस्ती धर्म प्रबळ होण्याच्या कितीतरी आधी. दुसऱ्या शतकात रोममधले सुखवस्तू लोक पुरण्याकडे वळू लागले, तिसऱ्या शतकात तीच रीत झाली. रोमचं बंदर असलेल्या ओस्तियाजवळच्या इसोला साक्रा इथल्या विटांच्या कबरींत हा बदल भिंतीवर दिसतो. वर कलशांचे कोनाडे आणि खाली देह ठेवायच्या कमानी, एकाच घराण्याच्या एकाच खोलीत. एवढ्या मोठ्या बदलाला लोक एक कारण मागतात. परलोकाच्या नव्या कल्पना, ग्रीक रीतींचं आकर्षण, कोरीव शवपेटीची प्रतिष्ठा अशी बरीच पुढे केली गेली आहेत. मला त्यांतलं तिसरं सर्वांत पटतं, कारण शवपेटीवर कथा कोरायला ऐसपैस जागा मिळते, आणि पेटीवरचे हार, मेदूसा, उघडं दार हे सगळं तिच्यावर जसंच्या तसं गेलं.

१७. महाराष्ट्रात असं दगडी अस्थिपात्र सापडलं आहे का?

रोमन नाही. पण नालासोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना दगडी करंडा मिळाला, त्यात एकात एक ठेवलेल्या तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या आणि सोन्याच्या डब्या. सोपारा हे रोमन व्यापाराला माहीत असलेलं बंदर, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडायचा मोह होतो. तो आवरावा. सोपाऱ्याचा करंडा पूजेसाठीच्या पवित्र अवशेषांचा आहे, घरच्या माणसाच्या अस्थींचा नव्हे.

१८. पेटीवर दोन नावं आहेत आणि आत खड्डा एकच. हे कसं?

काही पेट्यांना जोडप्यासाठी दोन खड्डे असतात. एकच असेल तर दोघांच्या अस्थी एकत्र ठेवल्या असतील, किंवा दुसरं नाव पेटी करवून घेणाऱ्याचं असेल (क्रम प्रश्न ८ मध्ये). तिसरी शक्यता अशी की माणसं जिवंतपणीच आपली जागा करून ठेवत. रोममध्ये लॅटिन वेशीजवळ १८३१ मध्ये सापडलेल्या कबुतरखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी समोरच, मोझेकच्या पाटीवर ग्नेयस पोम्पोनियस हिलास आणि पोम्पोनिया व्हिटालिस ही दोन नावं आहेत. तिच्या नावावर छोटंसं 'व्ही' अक्षर आहे. त्याचा अर्थ 'व्हिव्हित': ही अजून जिवंत आहे.